मोटर किती चालली ते विचारू नका, किती धुतली ते विचारा



दरेकसात बसून मी समुद्रावर लिहितोय, म्हणून आधी थोडं हसून घ्या. आमच्या गोंदिया जिल्ह्याच्या या टोकाला बोरतलाव लागलं की छत्तीसगड सुरू होतं. मुंबईचा समुद्र इथून रेल्वेने हजार किलोमीटरच्या आसपास. आमच्याकडे पाणी म्हणजे मामा तलाव, धानाच्या बांध्या आणि पावसाळ्यातला हाजरा फॉल. सगळं गोड पाणी. आमचे ढिवर बांधव अजूनही तलावात डोंगा हाताने चालवतात. मग आउटबोर्ड मोटरवर बोलायचा मला काय अधिकार?

अधिकार मोटरचा नाही, जुन्या मशीनचा आहे. जुनं मशीन घेऊन मी स्वतः तोंडघशी पडलोय. आणि दोन महिन्यांपूर्वी मालवण तालुक्यातल्या एका मुलाचा फोन आला तेव्हा लक्षात आलं, की माझी चूक आणि त्याची होऊ घातलेली चूक एकच आहे. फरक एवढाच, की माझ्या चुकीत पैसे गेले. त्याच्या चुकीत होडीत बसलेली माणसंही असती.

आधी माझी चूक सांगतो.

माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरते. गोंड समाजाचे लोक कितीतरी राज्यांतून येतात, दरेकसा स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते. चार दिवस दुकानं लागतात, त्यांना लाईट लागते. मी विचार केला, एक जुना डिझेल जनरेटर घ्यायचा आणि दुकानदारांना भाड्याने कनेक्शन द्यायचं. जनरेटर मिळाला. विकणारा म्हणाला, "भाऊ, फक्त दोन सीझन चाललाय. बाकी वेळ शेडमध्येच उभा होता." मी खूश. कमी चाललेलं मशीन, म्हणजे नवंच की!

दुसऱ्या रात्री तो बंद पडला. अकरा दुकानं अंधारात. टाकीत पाणी साचलं होतं, जुनं डिझेल डिंकासारखं झालं होतं, नोझल जाम झाले होते. मिस्त्री आला, त्याने एकच वाक्य बोललं: "सर, हा चालून नाही बिघडला, उभा राहून बिघडला." दुकानदारांचा ॲडव्हान्स परत दिला. पैशापेक्षा जास्त टोचलं ते हे, की पुढच्या वर्षी त्यातल्या एकानेही मला विचारलं नाही.

आता तो फोन.

तारकर्ली-देवबाग भागातला तरुण. घरची फायबरची छोटी होडी आहे. सीझनमध्ये पर्यटकांना संगमापर्यंत फिरवायचं, बाकी दिवस खाडीत जाळं टाकायचं, असा बेत. नवी मोटर परवडत नाही. एक जुनी टू-स्ट्रोक मोटर बघून ठेवलेली. पैसे आईचे दागिने गहाण ठेवून. मला म्हणाला, "सर, मोटर एकदम कमी चाललेली आहे. मालक गावाला नसतो, वर्षातून चार-सहा वेळाच काढायचा. घेऊ ना?"

मी म्हणालो, "थांब. ती उरलेले दिवस कुठे आणि कशी ठेवलेली होती?"

पलीकडे शांतता.

हा आजचा विषय. माझं मत सुरुवातीलाच सांगतो, पटलं तर पुढे वाचा: खाऱ्या पाण्यासाठी जुनी मोटर घ्यायला माझी हरकत नाही. पण "कमी चाललेली" म्हणून घेऊ नका. "रोज धुतलेली" असेल तरच घ्या. आणि ती रोज धुवायची तुमची स्वतःची तयारी नसेल, तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.

खारं पाणी मशीनला कधी खातं?

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. तुमच्या मोटारसायकलचं इंजिन हवेने थंड होतं. आउटबोर्डचं इंजिन ज्या पाण्यात चालतं तेच पाणी ओढून थंड होतं. खाली पाय आहे, त्यात रबरी पात्यांचं एक छोटं चाक आहे, त्याला इम्पेलर म्हणतात. तो पाणी ओढतो, वर इंजिनभोवतीच्या बारीक वाटांमधून फिरवतो आणि बाहेर टाकतो. मागून जी पाण्याची पिचकारी उडताना दिसते ती त्याच पाण्याची खूण.

म्हणजे समुद्रात मोटर चालवता तेव्हा तिच्या पोटातून सतत खारं पाणी वाहत असतं. वाहतं आहे तोवर त्रास कमी. तुम्ही किनाऱ्याला आलात, मोटर बंद केली, घरी गेलात. आता आतलं उरलेलं पाणी गरम धातूवर वाळतं. मीठ तिथेच बसतं. दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी एक थर. थर्मोस्टॅट अडकतो, वाटा अरुंद होतात, आणि एक दिवस इंजिन तापून जाम होतं. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे आतलं ॲल्युमिनियम बंद खोलीतही झिजत राहतं.

आता सांगा, वर्षातून सहा वेळा समुद्रात गेलेली आणि प्रत्येक वेळी तशीच शेडमध्ये टेकवून ठेवलेली मोटर चांगली, की रोज चालणारी पण रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुतलेली? आमच्या भागात मशीन चालून झिजतं. खाऱ्या पाण्यातलं मशीन उभं राहून सडतं. म्हणून तिथे तासांचा आकडा अर्धंच सांगतो. पहिला प्रश्न धुण्याचा.

एक गंमत सांगू? समुद्रासाठी जुनी मोटर शोधत असाल तर धरणावर किंवा तलावावर चाललेली मोटर मिळते का तेही बघा. तिने मीठ पाहिलेलंच नसतं. फक्त एक काळजी घ्या. मोटरच्या पायाला धातूचे छोटे तुकडे बसवलेले असतात. बंदरावर त्यांना सरसकट झिंक म्हणतात. मोटरच्या आधी ते स्वतः झिजतात, म्हणून मोटर वाचते. गोड्या पाण्यात काही जण मॅग्नेशियमचे तुकडे लावतात. तशी मोटर समुद्रात नेली तर ते भराभर संपतात. खाऱ्या पाण्यात जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे लागतात. मोटर घेतल्यावर ते आधी बदला. आणि त्यांच्यावर रंग कधीच मारू नका. रंग मारलेलं झिंक म्हणजे हात बांधलेला राखणदार.

बघायला जाल तेव्हा

त्या मुलाला मी फोनवर हे सांगितलं. तुम्हीही लिहून घ्या. आणि सोबत तुमच्या बंदरावरचा मोटर उघडणारा मिस्त्री न्या. त्याची दिवसाची मजुरी हा खर्च नाही, विमा आहे.

1. गेल्या गेल्या टोपी काढून इंजिनला हात लावा. गरम असेल तर समजा, तुम्ही यायच्या आधी तापवून ठेवलंय. चहा प्या, गप्पा मारा, थंड होऊ द्या. थंड मोटर कशी सुरू होते तेच खरं. गरम मोटर सगळ्यांचीच एका झटक्यात सुरू होते.

2. पाण्याशिवाय मोटर सुरू करू देऊ नका. "नुसतं आवाज ऐका" म्हणत कोरडी चालवली तर रबरी इम्पेलर तिथेच जळतो. ड्रममध्ये पाय बुडवा, मग सुरू करा. पिचकारी जोरात आणि सलग हवी. थेंब थेंब येत असेल तर थांबा.

3. मिस्त्रीकडून प्रत्येक सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा दोन सिलेंडरमधला फरक महत्त्वाचा. 10 टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर आत काहीतरी बिनसलंय.

4. गिअरच्या ऑइलचा खालचा स्क्रू किंचित सैल करा. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर सील गेलंय आणि आत पाणी शिरलंय. पहिल्यांदा नुसतं पाणीच बाहेर आलं तर नमस्कार करून निघा.

5. पंखा काढून मागे बघा. जाळ्याचा धागा, गळाची तंगूस गुंडाळलेली असते. ती सील कापते. मासेमारीच्या होडीवर हे फार होतं आणि कोणी बघत नाही.

6. बोल्ट बघा. ॲल्युमिनियमच्या अंगात स्टीलचा बोल्ट आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे दोघं एकमेकांना चिकटून बसतात. भोवती पांढरी पूड दिसली तर काही बोल्ट उघडताना तुटणार हे धरून चाला. मोटर वर-खाली आणि डावी-उजवीकडे सहज फिरते का? जाम असेल तर आतही तीच गत.

7. अंगाला ताजा रंग असेल तर खूश होऊ नका. विचारा, "रंग का मारला?" जुना ओरखडे पडलेला रंग खरं बोलतो.

8. सरळ विचारा: "ही कधी बुडाली होती का?" समुद्रात बुडालेली मोटर लगेच गोड्या पाण्याने धुऊन, उघडून, ऑइल घालून चालवली नाही तर ती आतून संपते. टोपीखाली कोपऱ्याकोपऱ्यात मीठ आणि गंज असेल तर उत्तर मिळालं.

9. होडीच्या मागच्या फळीची उंची मोजून न्या. लहान मोटरींचे पाय साधारण 15 आणि 20 इंचांच्या फळीसाठी येतात. 15 इंचांची मोटर 20 इंचांच्या फळीला लावली तर पंखा हवा खातो, पाणी नीट ओढलं जात नाही, मोटर तापते. स्वस्त मिळाली म्हणून चुकीच्या मापाची चप्पल घेतो का आपण?

10. बिल आणि नंबर. मोटरवरचा सिरियल नंबर खरवडलेला असेल, प्लेट काढलेली असेल, तर ती मोटर कितीही गोड असो, नको. चोरीचा माल विकत घेणारा पण अडकतो. होडीच्या कागदपत्रांत इंजिनची नोंद असते. ती बदलावी लागते, आणि पर्यटक बसवणार असाल तर परवान्याशिवाय नाहीच नाही.

आणि अकरावा प्रश्न, जो धंद्याचा आहे: हिचा इम्पेलर, सील आणि कार्बोरेटरचं किट तुमच्या जवळच्या बाजारात मिळतं का? सन 1909 च्या सुमारास अमेरिकेत ओले एव्हिनरूड नावाच्या माणसाने आउटबोर्ड मोटरचा धंदा उभा केला. त्याच्या नावाचा ब्रँड एका शतकाहून जास्त टिकला आणि 2020 मध्ये मालक कंपनीने त्या मोटरी बनवणं बंद केलं. एवढं मोठं नाव बंद होऊ शकतं. म्हणून जुनी मोटर घेताना नाव बघू नका, सुट्या भागांचं दुकान बघा. बंदरातल्या दहा होड्यांना जी मोटर आहे तीच अकराव्या होडीला शहाणपणाची. सीझनच्या मध्यावर एका रबरी चाकासाठी आठ दिवस कुरिअरची वाट बघणं कोणाला परवडतं?

किंमत दोन असतात

इथे बरेच लोक चुकतात. हातात 1 लाख असतात आणि ते 1 लाखाची जुनी मोटर शोधतात. मी सांगतो, 1 लाख असतील तर 70 हजारांची मोटर शोधा. हे आकडे हिशोब समजावा म्हणून आहेत, तुमच्या बाजाराचे तुम्ही घाला.

70 हजार मोटरचे. 15 हजार पहिल्याच आठवड्यात घालायचे: नवा इम्पेलर, प्लग, गिअर ऑइल, सील, झिंक, पेट्रोलचे पाईप, कार्बोरेटरची सफाई. मालक "सगळं नवीन टाकलंय" म्हणाला तरी घालायचे. इम्पेलर आत असतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि समुद्रात तुम्हाला मध्येच सोडून देणारा पहिला भाग तोच. उरलेले 15 हजार हात न लावता बाजूला. पहिल्या सीझनमध्ये काहीतरी निघणारच.

पुढे प्रत्येक फेरीमागे मोटरचा पगार काढा. हो, पगारच म्हणा. खलाशाला पैसे देता, पेट्रोलला देता, मोटरला का नाही? फेरीमागे 50 रुपये. दिवसाला 4 फेऱ्या म्हणजे 200. सीझनचे 120 दिवस धरले तर 24 हजार. वेगळ्या डब्यात, किंवा वेगळ्या खात्यात. त्यातून झिंक, ऑइल, इम्पेलर, मिस्त्री. उरले तर पुढच्या मोटरचं डाउन पेमेंट. हे 50 रुपये तुमच्या तिकिटात बसत नसतील तर तिकीट चुकीचं आहे, मोटर नाही.

काही मित्र म्हणतील, "सर, एवढी कटकट असेल तर कर्ज काढून नवीनच घ्यावी." बरोबर आहे, ज्याचा धंदा बसलाय त्याने घ्यावी. पण पहिल्याच वर्षी, पर्यटक किती येतील माहीत नसताना, हप्ता डोक्यावर घेतला तर माणूस खराब हवामानातही होडी काढतो. हप्ता थांबत नाही ना! म्हणून मला पहिली मोटर जुनी, छोटी, साधी आणि कर्जाशिवायची बरी वाटते. आणि एक सांगतो. नवीन मोटर न धुता वापरली तर तीही जुन्याच वाटेने जाते. मीठ बिल बघत नाही.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक असंही विचारतात. फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी पिते, धूर कमी, आवाज कमी. पण जुनी घेत असाल तर टू-स्ट्रोकची बांधणी सोपी, वजन कमी, बंदरावरचा मिस्त्री उघडतो. तुमचा मिस्त्री जी उघडू शकतो, ती घ्या.

रोजची वीस मिनिटं

मोटर आली. आता खरं काम.

संध्याकाळी किनाऱ्याला आल्यावर मोटर गोड्या पाण्यावर 10 ते 15 मिनिटं चालवायची. नळ असेल तर पाणी ओढायच्या जाळीवर बसवायचे रबरी कप मिळतात, त्यांना पाईप जोडायचा. नळ नसेल तर ड्रम. पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या वर यायला हवं. मोटर न्यूट्रलमध्येच, शक्यतो पंखा काढून. जागा उघडी हवी, धूर कोंडून घेऊ नका. ड्रममधलं पाणी वरचेवर बदला, नाहीतर चार दिवसांत तोही छोटा समुद्रच होतो.

एक गोष्ट किनाऱ्यावरच्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त कळते. देवबागसारख्या ठिकाणी एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी. पाणी आपल्याला वाटतं तेवढं गोड असेलच असं नाही. विहिरीचं पाणी आधी चाखून बघा. मचूळ असेल तर मोटरसाठी वेगळ्या पाण्याची सोय लावा. पावसाचं साठवलेलं पाणी सगळ्यात चांगलं.

धुऊन झालं की मोटर काही वेळ उभी ठेवा, आतलं सगळं पाणी निथळू द्या. आडवी टाकाल तर ते पाणी नको तिथे शिरतं. बाहेरून ओलं फडकं, मग सुकं. पंख्याचा दांडा, सांधे, बोल्टच्या आट्या यांना मरीन ग्रीस. होडी पाण्यातच राहणार असेल तर पाय पाण्याबाहेर उचलून ठेवा.

दर 100 तासांनी किंवा सहा महिन्यांनी गिअर ऑइल. झिंक अर्धं झिजलं की बदला, संपायची वाट बघू नका. इम्पेलर खाऱ्या आणि वाळूच्या पाण्यात मी तरी दरवर्षी बदला म्हणेन.

टू-स्ट्रोक असेल तर ऑइलवर पैसे वाचवू नका. स्कूटरचं टू-टी ऑइल हवेने थंड होणाऱ्या इंजिनचं. आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू 3 लिहिलेलं ऑइल लागतं. प्रमाण मोटरच्या पुस्तकाप्रमाणे. 50 ला 1 म्हणजे लिटरला 20 मिली. 100 ला 1 म्हणजे 10 मिली. "अंदाजाने" टाकणाऱ्यांच्या मोटरी अंदाजानेच चालतात.

आणि पेट्रोल. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, किनाऱ्याच्या दमट हवेत तर जास्तच. जुन्या मोटरचे रबरी पाईप आणि गॅस्केट त्यासाठी बनलेले नसतात. म्हणून पाईप बदला, लागेल तेवढंच ताजं पेट्रोल आणा, आणि काही दिवस मोटर काढणार नसाल तर कार्बोरेटर रिकामा करा.

मोटर बिघडते ती पावसाळ्यात

महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस मासेमारी बंद असते. सिंधुदुर्गातलं जलपर्यटन तर मे अखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत थांबतं. बहुतेक लोक शेवटची फेरी करतात, मोटर काढून पडवीत टेकवतात आणि आठवण येते ती नारळी पौर्णिमेला.

माझा जनरेटर आठवा. तोही असाच उभा होता.

शेवटच्या फेरीनंतर नेहमीपेक्षा जास्त वेळ धुवा. पेट्रोलचा पाईप काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालू ठेवा, पण पाण्यावरच. टाकी रिकामी करा. प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं ऑइल घाला, दोरी हळू दोन-चार वेळा ओढा. गिअर ऑइल याच वेळी बदला, सप्टेंबरमध्ये नाही. आत पाणी असेल तर ते तीन महिने गिअरला खात बसेल. मोटर उभी, स्टँडवर, कोरड्या जागी. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आतल्या आत घाम सुटतो. सुती चादर पुरे.

आता जे पैशात मोजता येत नाही ते.

संगमाजवळ ओहोटी लागलेली असते, पाणी खाडीतून समुद्राकडे ओढत असतं, होडीत आठ माणसं आहेत, त्यात दोन लहान मुलं, आणि मोटर बंद पडते. जनरेटर बंद पडला तेव्हा माझी अकरा दुकानं अंधारात गेली, पण जमीन पायाखालीच होती. होडीत तसं नसतं. म्हणून जुनी मोटर कितीही जपलेली असो, वल्ही, पुरेसा दोर लावलेला नांगर, प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट, भरलेला मोबाईल आणि एक जास्तीचा प्लग-पाना सोबत असल्याशिवाय किनारा सोडायचा नाही. माणसं परवान्यात आहेत तेवढीच. आणि सकाळी पिचकारी नीट येत नसेल तर त्या दिवशी फेरी नाही. गिऱ्हाईक कितीही चांगलं असो, पैसे परत द्या. मी अकरा दुकानदारांचे परत दिलेत, मरत नाही माणूस.

त्या मुलाचं काय झालं ते सांगतो. तो मिस्त्रीला घेऊन गेला. गिअरचा स्क्रू सैल केला तर दुधासारखं पांढरं बाहेर आलं. मालक म्हणाला, "एवढं तर चालतंच." मुलगा परत आला आणि मला फोनवर म्हणाला, "सर, वाईट वाटतंय, सीझन जाईल." मी म्हणालो, "सीझन जाईल, दागिने राहतील. सीझन परत येतो."

पंधरा-वीस दिवसांनी त्याने दुसरी मोटर घेतली. पहिलीपेक्षा जास्त चाललेली. रंग उडालेली. पण मालक रोज मासेमारीला जाणारा, आणि घराच्या मागे नळाखाली निळा ड्रम ठेवलेला. ड्रमच्या कडेला मोटरच्या पट्ट्याने घासून घासून पडलेला खड्डा होता म्हणे. मुलाने किंमत विचारायच्या आधी तो खड्डा बघितला.

मागच्या आठवड्यात त्याने मला एक छोटा व्हिडिओ पाठवला. संध्याकाळ, पाठीमागे माड, ड्रममध्ये मोटर गुरगुरतेय, पिचकारी जोरात. शेवटी त्याची आई कॅमेऱ्यात येते आणि विचारते, "संपला काय रे तुझा धुवणा? जेवण निवता हा."

माझा जनरेटर अजून आहे. मी विकला नाही. दर पंधरा दिवसांनी रविवारी अर्धा तास चालवतो, गरज असो की नसो. यंदाच्या माघ पौर्णिमेला दोन दुकानदार तयार झालेत. अकरांवरून दोन. पण दिवा लावून दाखवायला दोन पुरेत.

तुमच्याकडे कोणतं मशीन उभं आहे? आज संध्याकाळी जाऊन एकदा त्याला हात लावून या.